कोलाडच्या काठावर एक फलक हवा: पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

यंदा मे महिन्यात आम्ही घरची मंडळी रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला, कुंडलिका नदीत राफ्टिंगला, म्हणजे रबरी होडीतून उसळत्या पाण्यात जायला गेलो. आमच्यापैकी कुणीच आधी राफ्टमध्ये बसलेलं नव्हतं. नदीबद्दल तक्रार नाही. साठी ओलांडलेल्या माझ्या आत्यानं पहिल्याच लाटेत तोंडभर पाणी गिळलं आणि दुसरीसाठी वल्हं सरसावून बसली. हे पत्र आहे त्याआधी काठावर जे झालं त्याबद्दल.

तिथं आमच्या हातात इंग्रजी फॉर्म दिले गेले. काही झालं तर कंपनी जबाबदार नाही, हा त्यांचा सारांश. आत्यानं "सही कुठं करू?" एवढंच विचारलं. मग लाइफ जॅकेटं वाटली. भाचीचं जॅकेट खांद्याला धरून ओढलं तर कानापर्यंत वर आलं. म्हणजे पाण्यात जॅकेट तरंगणार आणि पोरगी खाली सरकणार. ते आम्ही भांडून बदलून घेतलं. सूचना देणं चालू असतानाच पुढची बस आली, त्यामुळे त्या निम्म्यावरच आटोपल्या. पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला वर ठेवा, वाहत्या पाण्यात उभं राहू नका, कारण खडकात पाय अडकला की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. हे सगळं आम्हाला राफ्ट निघाल्यावर गाईडनं आपण होऊन सांगितलं. गावातलाच तरबेज पोरगा तो, त्याला बोल नाही.

कुंडलिका भर उन्हाळ्यात अशी उसळते ती पावसामुळे नव्हे. मुळशीच्या धरणाचं पाणी सह्याद्री उतरून पायथ्याच्या भिरा गावी येतं, तिथं १९२७ पासून वीज तयार होते आणि मग ते पाणी कुंडलिकेला मिळतं. एरवी ते भीमेवाटे कृष्णेला गेलं असतं. (ज्यांच्या जमिनींसाठी सेनापती बापट तुरुंगात गेले, त्या शेतकऱ्यांची गावं या पाण्याखाली आहेत. काठावर त्याचा उल्लेख मला कुठं दिसला नाही, असो.) म्हणजे नदीला पाणी कधी आणि किती येणार, हे वीजघराला ठाऊक असतं, राफ्टवाल्यांनाही असतं. पैसे मोजून आलेल्याला मात्र कुणी सांगत नाही.

राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. आयोजकानं पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, असं त्यात आहे. पण आमचं बुकिंग रिसॉर्टवाल्यानं घेतलं, राफ्ट भलत्याच कुणाची निघाली आणि नोंदणी कुणाची, हे विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. नवख्या माणसानं तपासायचं कसं?

राफ्ट पाण्यात लोटतात तिथं संचालनालयानं मोठा मराठी फलक लावावा. त्यावर नोंदणी झालेल्या आयोजकांची नावं आणि नोंदणी क्रमांक असावेत, आणि त्या दिवशी पाणी सुटण्याची वेळ रोज खडूनं लिहिली जावी. फॉर्मही मराठीत मिळावा आणि त्यावर सही घ्यायची ती सूचना पूर्ण सांगून झाल्यावरच.

दिवाळीच्या सुट्टीत कोलाडला पुन्हा गर्दी होईल. त्याआधी हा फलक लागणार का, तेवढं कळवावं.

आपली,
पुण्याची एक पर्यटक