दीड मिलीत कसली आली ट्रायल?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्याच्या पुरवणीत ब्यूटी सॅम्पलच्या सबस्क्रिप्शन बॉक्सवर, म्हणजे दरमहा पैसे भरले की क्रीम-बिमचे छोटे नमुने घेऊन घरी येतो त्या बॉक्सवर, अख्खं पान आलं होतं. फोटो छान होते, बॉक्स उघडतानाची गंमत पण बरोबर लिहिली होती, पण त्यात एक वाक्य होतं की या बॉक्समुळे महागडी वस्तू आधी वापरून बघता येते आणि मगच घ्यायची की नाही ते ठरवता येतं, आणि तिथे मी अडकले. कारण मी स्वतः सहा महिने हा बॉक्स घेतलाय, दर महिन्याला पाच याप्रमाणे ३० वस्तू घरी आल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा वस्तूंबद्दल आजही मला कुणी विचारलं की कशी आहे गं, तर मी खांदे उडवते. वापरली की नाही? वापरली. मग कळलं का काही? नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलं तर कात्री लावा.

आधी सांगते, मला बॉक्स आवडला नाही असं अजिबात नाही. पहिला आला तेव्हा मी आणि माझी मुलगी दोघी पलंगावर मांडी घालून बसलो होतो, वरचा पातळ कागद सुद्धा न फाडता नीट घडी करून ठेवला, एकेक वस्तू नाकाला लावून झाली. आपणच पैसे भरलेत आणि तरी कुणीतरी भेट पाठवल्यासारखं वाटतं, धंद्याची सगळी हुशारी तिथेच आहे. पूर्वी सॅम्पल फुकट मिळायचं. अमेरिकेतल्या एस्टी लॉडर बाईंनी तर फुकट सॅम्पल आणि खरेदीवर भेट या युक्तीवरच आपला सौंदर्यप्रसाधनांचा ब्रँड उभा केला. मग २०१० मध्ये न्यूयॉर्कला हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमधून बाहेर पडलेल्या दोघी मैत्रिणींनी बर्चबॉक्स काढला, दर महिन्याला पैसे भरा आणि सॅम्पल घरपोच घ्या, आणि तिथून हे लोण जगभर गेलं. म्हणजे कंपन्या जी वस्तू आपल्या मागे लागून हातात कोंबायच्या त्याच वस्तूसाठी आपण दरमहा पैसे द्यायला लागलो, वर आपली स्किन कशी, केस कसे, वय काय ही सगळी माहिती फॉर्ममध्ये भरून दिली ती वेगळीच.

पण माझी तक्रार पैशाची नाहीये. मापाची आहे.

दुसऱ्या महिन्याच्या बॉक्समध्ये एक सिरम आलं. आलं म्हणजे पुडी आली. इंग्रजीत त्याला सॅशे म्हणतात, पण चांदीच्या कागदाची असली तरी ती पुडीच. दीड मिली. ओल्या हाताने फाडायला गेले तर फाटेना, दाताने फाडली तर निम्मं सिरम ओठावर आलं, उरलेलं तीन रात्री पुरवलं, आणि पुरवलं म्हणजे कसं तर पुडीचं तोंड दुमडून त्याला कागदाची क्लिप लावून ती पेनाच्या ग्लासात उभी करून ठेवली होती. तिसऱ्या रात्री ते चिकट झालं होतं. आणि पाकिटावर लिहिलेलं काय? नियमित वापराने १२ आठवड्यात फरक दिसेल! आता मला सांगा, ज्या वस्तूचा फरक १२ आठवड्यांनी दिसणार तिची ट्रायल तीन रात्रीत कशी घ्यायची? आपल्या त्वचेचा वरचा थर बदलायलाच साधारण चार आठवडे लागतात, वय वाढलं की त्याहून जास्त. डाग कमी करणारं क्रीम असो की सुरकुत्यांचं रेटिनॉल असो, तिसऱ्या दिवशी चेहरा तुकतुकीत दिसला तर तो फक्त ओलाव्याचा परिणाम असतो, तो कुठलंही साधं मॉइश्चरायझर देतं.

बरं फायदा राहू दे, नुकसान तरी कळतं का? तर तेही धड नाही, आणि इथे माझीच चूक झाली ती कबूल करते. चौथ्या बॉक्समध्ये एक एक्सफोलिएटिंग, म्हणजे वरची मेलेली त्वचा काढणारं टोनर, एक रेटिनॉलचं क्रीम आणि एक शीट मास्क होता. रविवार होता, घरात कुणी नव्हतं, मी म्हटलं आज आपला दिवस. तिन्ही एकाच रात्री लावले. सकाळी उठले तर नाकाच्या बाजूला आणि हनुवटीखाली लालभडक, हात लावला की चुरचुरतंय, नुसत्या पाण्याने तोंड धुतलं तरी आग. डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, काय लावलं होतं? मी म्हटलं तीन वस्तू लावल्या. त्या म्हणाल्या मग आता गुन्हेगार कोण ते कसं सांगू? सगळं बंद करा, बरं झालं की एका वेळी एकच वस्तू लावा, आणि ती सुद्धा आधी कोपराच्या आतल्या बाजूला.

नंतर वाचलं तर अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या अकॅडमीचा सल्ला पण हाच आहे, नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस, तेवढ्यात काही झालं नाही तरच चेहऱ्याला. म्हणजे नुसत्या टेस्टला १४ ते २० वेळा लावायला लागणार आणि पुडीत माल तीन वेळचा. शिवाय अॅलर्जीचं असं आहे की ती पहिल्या फटक्यात येतेच असं नाही, शरीर आधी त्या घटकाला ओळखायला शिकतं आणि मग पुढच्या कधीतरी वापरात पुरळ उठवतं. तीन रात्री काही झालं नाही म्हणून सूट झालं असं समजून मोठी बाटली आणायची आणि ती अर्धी झाल्यावर खाजवत बसायचं, असं व्हायला पूर्ण वाव आहे.

आणि गंमत बघा, फॉर्म भरताना मी स्पष्ट सेन्सिटिव्ह स्किन वर टिक केली होती. तरी ग्लायकोलिक अॅसिडचं, म्हणजे मेलेली त्वचा सोलून काढणाऱ्या अॅसिडचं टोनर आलं. ग्लायकोलिक लावल्यावर ऊन जास्त बाधतं, दिवसा सनस्क्रीन लावायलाच हवं, हे मोठ्या बाटलीच्या खोक्यावर असतं म्हणे. सॅम्पलच्या बाटलीवर जागा नव्हती. नाव छापायला होती, फूल छापायला होती, तीन शब्दांचं घोषवाक्य छापायला होती.

जागेवरून आठवलं. या छोट्या बाटल्या आणि पुड्यांवर घटकांची यादी कुठे असते माहितीये? एकतर बाहेरच्या खोक्यावर, जे खोकं बॉक्समध्ये नसतंच, किंवा पुडीच्या मागच्या शिवणीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. मी मोबाईलने फोटो काढून तो मोठा करून वाचते, चष्मा लावून सुद्धा दुसरा उपाय नाही. वाचायला शिकले कारण लाल हनुवटी घेऊन आठ दिवस फिरले. यादीत जास्त प्रमाणाचा घटक आधी आणि कमीचा नंतर असा क्रम असतो, एक टक्क्याच्या खालचे घटक मात्र कसेही मागेपुढे लिहिले तरी चालतात. तर ज्या घटकाचं नाव पुडीवर सोनेरी अक्षरात असतं तो यादीत बऱ्याचदा सुवासाच्याही मागे, शेपटाला बसलेला दिसतो. आता रेटिनॉलसारखे काही घटक कमी प्रमाणातही काम करतात हे मान्य, पण निदान वाचता तरी यावं की नाही?

तारखेची तीच रड. मोठ्या डबीवर उघड्या झाकणाच्या बरणीचं छोटं चित्र असतं आणि त्यात ६ किंवा १२ चा आकडा, म्हणजे उघडल्यापासून इतके महिने वापरा. माझ्या ३० वस्तूंपैकी निम्म्यांवर हे चित्र नव्हतं, आणि काहींवर तर कुठलीच तारीख नव्हती. एक व्हिटॅमिन सीचं सिरम आलं ते उघडलं तेव्हाच गडद तांबूस, चहासारखं. मुलगी म्हणाली आई रंगच तसा असेल. मी म्हटलं नाही गं, हवा आणि उजेड लागला की व्हिटॅमिन सी असंच काळवंडतं, हे गेलेलं आहे. कंपनीला ईमेल केला तर उत्तर आलं की सॅम्पल बदलून मिळत नाही, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मोलाचा!

पण सगळंच वाईट नाही, आणि तुमच्या लेखात नेमकं हेच सुटलंय की कुठली वस्तू सॅम्पलमध्ये खरंच कळते आणि कुठली नाही. अत्तराची दोन मिलीची कुपी आली होती, ती मला सगळ्यात प्रामाणिक वाटली. सेंट पहिल्या पंधरा मिनिटात एक वास देतो, ते उडालं की दुसराच, आणि संध्याकाळी मनगटावर जो राहतो तो तिसरा, दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून यातलं काही कळत नाही. ती कुपी मी तीन आठवडे वापरली, घामात, थंडीत, डोकं दुखत असताना, आणि मग नको म्हणून ठरवलं. याला म्हणतात ट्रायल. फाउंडेशनचं पण तसंच, पुडी चालते, कारण शेड जुळतेय का ते एकदा लावून खिडकीत उजेडात उभं राहिलं की कळतं, फक्त लगेच हो म्हणू नये, तासाभराने परत आरशात बघावं, काही शेड तोवर गडद होतात. सनस्क्रीन पांढरट दिसतं का, मेकअपखाली त्याच्या शेवया निघतात का, हे पण दोन दिवसात समजतं. अर्थात ते सुद्धा पुरेसं लावलं तर, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटं भरून लावायचं असतं, आणि त्या मापाने पाच मिलीची ट्यूब माझी चार वेळात संपली. मस्कारा छोटा आला तर उलट बरंच, तो उघडल्यावर तीनेक महिन्यात टाकूनच द्यायचा असतो आणि मोठा माझ्याच्याने कधी संपत नाही.

म्हणजे वास, रंग आणि पोत कळण्यापुरतं सॅम्पल पुरतं. स्किनवर काम करायचा दावा असलेल्या वस्तूला ते पुरत नाही आणि बॉक्समध्ये भरणा नेमका यांचाच असतो, कारण पुडीत भरायला त्या सोप्या आणि मोठी बाटली विकायला किफायतशीर, असा माझा आपला अंदाज. माझं म्हणणं इतकंच की पाच कंपन्यांच्या पाच पुड्या देण्यापेक्षा एकच सिरम द्या पण महिनाभर पुरेल एवढं द्या, त्यावर तारीख आणि घटक डोळ्यांना दिसतील असे छापा, आणि सोबत चिठ्ठी टाका की आधी कोपराला लावा. बॉक्स उघडायची मजा कमी होईल, होऊ दे.

बॉक्स बंद करायचा प्रकार थोडक्यात सांगते. सुरू करायला एक बटण होतं, बंद करायला सेटिंगच्या आत मदत, मदतीच्या आत प्रश्न, मग खरंच जाताय का, मग एक महिना थांबून बघा, मग जमवलेले पॉइंट जातील हं. मी चुकून थांबून बघा वर दाबलं आणि महिन्याने पुन्हा पैसे कापले गेले. वाचकांनी बंद झाल्याचा ईमेल आल्याशिवाय बंद झालं समजू नये, आणि त्या ईमेलचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा.

आता ड्रॉवरमध्ये ११ पुड्या न फाडलेल्या पडल्यात. टाकून द्याव्या तर त्या प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर चिकटवून केलेल्या असतात, त्यांचं रिसायकलिंग फार अवघड. वापराव्या तर तारीख नाही. मुलगी म्हणते प्रवासाला उपयोगी पडतील. प्रवासात नवीन क्रीम लावून हनुवटी लाल करून घ्यायची आणि तिथे डॉक्टर शोधत फिरायचं, असं म्हटल्यावर ती गप्प बसली.

तुम्हाला विनंती, पुढच्या वेळी अशा बॉक्सवर पान कराल तेव्हा फोटोखाली वस्तूच्या नावाबरोबर ती किती मिली होती आणि लेखिकेने ती किती दिवस वापरली हे दोन आकडे पण छापा. फोटोत सगळंच भरलेलं दिसतं.

कळावे,
आपली एक जुनी वाचक

ता.क. ३० वस्तूंमध्ये एक लिपस्टिक मात्र इतकी आवडली की करंगळीएवढी ती कांडी काडीने कोरून कोरून संपवली. मोठी घ्यायची आहे, पण शेडचं नाव बुडाला एका गोल चिकटपट्टीवर होतं आणि ते पर्समध्ये घासून पुसलं गेलंय. कंपनीला विचारलं, त्यांनी मला १८ गुलाबी शेडची यादी पाठवलीये.