मुलं कुंभारीला गेली, शाळा इथेच राहिली

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. मराठी शाळांच्या घटत्या पटाच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून वाचते. त्यात जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या शाळा असतात. चर्चच्या आवारातल्या मराठी शाळांचा उल्लेख सहसा येत नाही. सोलापुरातल्या अशाच एका अनुदानित शाळेत मी प्राथमिकच्या वर्गांना एकतीस वर्षं शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाले. त्या शाळांविषयी, आम्ही ज्यांना धर्मग्रामाच्या (म्हणजे एका चर्चभोवतीच्या वस्तीच्या, इंग्रजीत पॅरिशच्या) शाळा म्हणतो त्यांच्याविषयी, हे पत्र आहे. लांबलं आहे, पण शक्यतो पूर्ण छापावं ही विनंती.

माझ्या नोकरीतला शेवटचा जून. शाळेचा पहिला दिवस, फाटकात रांगोळी काढलेली, पहिलीच्या मुलांच्या हातात द्यायला गुलाबाची फुलं आणून ठेवलेली. एक आजी नातवाला घेऊन आली. नवा गणवेश, घडीची रेघसुद्धा मोडली नव्हती. डोक्याला तेल चोपडलेलं, पाठीवर त्याच्यापेक्षा मोठं दप्तर. ऑफिसात तिला सांगितलं, यंदा पहिलीचा वर्ग भरणार नाही, मुलं कमी आहेत. मी त्याच शाळेची शिक्षिका, मलाही ते तेव्हाच कळलं. आजी माझ्याकडे वळून म्हणाली, "ओ टीचर, मग गणवेश कशाला घ्यायला लावला की?" मी तिला काहीही उत्तर देऊ शकले नाही. त्या दिवशी आणखी दोघं-तिघं असेच आले आणि परत गेले. फुलं दुसरीच्या मुलांना वाटून टाकली. वर्ग न उघडण्याचं संस्थेने मार्चमध्येच ठरवलं होतं, हे नंतर कानावर आलं. तीन महिने कुणी तोंड उघडलं नव्हतं.

पहिली बंद झाली की पुढच्या वर्षी दुसरी जाते, मग तिसरी. शाळा बंद झाली असं कुठंच लिहिलं जात नाही. एकेका वर्गाचं कुलूप लागत जातं आणि शेवटी शिपाई तेवढा उरतो.

मुलं कमी का झाली, याचं उत्तर सगळे एकच देतात: इंग्रजी माध्यम. ते खरंच आहे. एकाच आवारात इंग्रजी विभागाच्या प्रवेशासाठी पालक रांगेत उभे असतात आणि मराठी विभागाच्या खिडकीवर कुणी नसतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण सोलापुरात आणखी एक गोष्ट घडली आणि तिच्याकडे आपण पुरेसं लक्ष दिलं नाही. माणसं जागा बदलून गेली. आमच्या शाळेत येणारी मुलं गिरणी कामगारांची, रेल्वेत काम करणाऱ्यांची, विड्या वळणाऱ्या बायकांची. घरात कुणी तेलुगू बोलायचं, कुणी कन्नड, शाळेत सगळी मराठीत शिकायची. कॅथलिक मुलं त्यात थोडीच. लक्ष्मी-विष्णू गिरणी गेली, नरसिंग गिरजी गिरणी गेली, भोंगे थांबले. शिकलेली पोरं हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. आणि विडी कामगारांना अक्कलकोट रोडला कुंभारीत घरं मिळाली. गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं, मग शेजारी रे नगर. रे नगरच्या तीस हजार घरांपैकी पंधरा हजारांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या गेल्या. भाड्याच्या खोलीतून बाई स्वतःच्या घरात गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण तिची मुलं आमच्या हजेरीतून गेली. पूर्वी पहिलीची हजेरी दुसऱ्या पानावर जायची. शेवटच्या वर्षांत एकाच पानाचा खालचा भाग कोरा राहायचा.

पटनोंदणीला मी कुंभारीत गेले होते. आमचीच एक माजी विद्यार्थिनी दारात बसली होती, मांडीवर सूप, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने कापत होती, मान वर न करता बोलत होती. "टीचर, आमची शाळा तीच की. पण एवढीशी पोर, दोन रिक्षा बदलून कशी पाठवू? रिक्षाला जाईल तेवढं मला हजार विड्यांचं मिळत नाही." एवढं बोलून तिने मला चहा दिला. शाळेवर तिचा राग नव्हता, उलट मुलीला तिथेच घालायची इच्छा होती. मध्ये होता तो फक्त रस्ता.

माझी भाची अमेरिकेत फिलाडेल्फियाला असते. तिच्याशी बोलताना कळलं की तिथल्या पॅरिश शाळाही याच वाटेने गेल्या आहेत, आपल्या कितीतरी आधी. तिथे १८८४ साली बाल्टिमोरच्या धर्मपरिषदेत बिशपांनी ठरवलं की प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांच्या आत शाळा उभी राहावी. आयर्लंड, जर्मनी, इटली, पोलंडहून आलेल्या गरीब कामगारांची ती मुलं. शिकवायला सिस्टर्स, जवळजवळ बिनपगारी. रविवारच्या दानपेटीवर शाळा चालायच्या. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथल्या कॅथलिक शाळांत सुमारे ५२ लाख मुलं होती, शाळा १३ हजारांच्या आसपास. २०२०-२१ मध्ये मुलं राहिली १६ लाखांच्या घरात आणि शाळा ६ हजारांहून कमी. त्या एका करोनाच्या वर्षात दोनशेवर शाळा बंद किंवा विलीन झाल्या. कारणं वाचताना मला सारखं आपलंच शहर दिसत होतं. कामगार कुटुंबांची परिस्थिती सुधारली, ती शहराबाहेरच्या उपनगरांत राहायला गेली. शाळा जुन्या गल्लीतच राहिल्या. १९६५ मध्ये देशात १ लाख ८० हजारांच्या आसपास सिस्टर्स होत्या, आता ४० हजारही नाहीत. त्यांच्या जागी पगारी शिक्षक आले, फी वाढली, फी वाढली म्हणून मुलं घटली, मुलं घटली म्हणून पुन्हा फी वाढली.

फिलाडेल्फियात जानेवारी २०१२ मध्ये एका समितीने ४५ प्राथमिक शाळा आणि ४ हायस्कुलं बंद करण्याची किंवा दुसऱ्या शाळांत मिसळण्याची शिफारस केली. शहरभर रडारड झाली. मग माजी विद्यार्थी उठले, देणगीदार आले, आणि फेब्रुवारी संपायच्या आत चारही हायस्कुलं वाचली. भाची हे कौतुकाने सांगत होती, मला मात्र ऐकून वाईट वाटलं. हे लोक आधीही तिथेच होते. त्यांना कुणी पाच वर्षं अगोदर जमाखर्च दाखवला असता तर दीड महिन्यात धावाधाव करायची वेळ आली नसती, आणि बाकीच्या प्राथमिक शाळांसाठीही कुणीतरी उभं राहिलं असतं.

याच्या उलट कॅन्सस राज्यातल्या विचिटा धर्मप्रांताचं (धर्मप्रांत म्हणजे एका बिशपांच्या हाताखालची सगळी धर्मग्रामं). तिथे १९८०च्या दशकापासून सगळी धर्मग्रामं आपल्या दानातून शाळांचा खर्च उचलतात, आणि चर्चमध्ये सक्रिय असलेल्या कुटुंबांकडून फी घेत नाहीत. मूल असो-नसो, शाळा सगळ्यांची. सोलापूरच्या मूठभर कॅथलिक कुटुंबांना हे झेपणार नाही, मला ठाऊक आहे. पण हिशेब उघड ठेवणं आणि सगळ्यांनी मिळून भार घेणं याला श्रीमंती लागत नाही.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे आणि ती फादर-सिस्टरांनी मनावर घ्यावी. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देतं, पण संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे, पटावर ठरतं. ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत, ६१वं मूल आलं की तिसरा. म्हणजे एक रिक्षा चुकली तर एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचं समायोजन दुसऱ्याच शाळेत होतं, दोन वर्ग एकत्र बसतात, ते पाहून आणखी दोन पालक दाखला काढतात. एकदा गेलेली अनुदानित तुकडी परत मिळवणं किती अवघड असतं, हे शाळेच्या ऑफिसात बसणाऱ्या कुठल्याही क्लार्कला विचारा. २०१२च्या कायद्याने नवी शाळा काढायची तर ती स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सगळा बोजा फीवर. विडी कामगाराच्या मुलाला ती फी कुठून परवडणार? म्हणून आज जे हातात आहे ते टिकवणं, आणि टिकवायचं तर मुलं जिथे आहेत तिथे नेणं, हाच मार्ग मला दिसतो.

सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं. काही शाळा धर्मप्रांताच्या, काही सिस्टरांच्या वेगवेगळ्या संस्थांच्या. प्रत्येकीचा हिशेब वेगळा, प्रत्येकीचा पट वेगळा घसरतो, आणि एकीला दुसरीची खबर नसते. माझी पहिली विनंती ही की या सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसावं. शहरात चर्चच्या मराठी शाळा किती, पहिलीत मुलं किती, पुढच्या पाच वर्षांत किती शिक्षक निवृत्त होणार, आणि मुलं कुठून येतात, एवढंच एका कागदावर मांडावं. दोन अशक्त शाळा एकत्र करून एक धड शाळा होत असेल तर ती करावी, माझा विरोध नाही. मला स्वतःला माझी शाळा, तिची कौलं, अंगणातला निंब फार प्रिय आहे. तरी इमारत वाचवायला म्हणून वर्ग रिकामे ठेवू नयेत.

कुंभारीत एका अनुदानित शाळेचं स्थलांतर होईल का, हे आत्ताच शिक्षण विभागाकडे विचारावं, कारण परवानगीला वर्षं लागतात. तोपर्यंत निदान एक गाडी सुरू करावी. इंग्रजी विभागाच्या फीतून मराठी विभागाच्या गाडीला हातभार लावला तर काही बिघडणार नाही. ज्या गरिबांसाठी या शाळा निघाल्या, तीच मुलं मराठी विभागात आहेत. सेमी इंग्रजीला मी पूर्वी नाकं मुरडत होते. आता म्हणते, गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवून मूल मराठी शाळेत राहत असेल तर राहू दे.

आणि बंदच करायचा असेल एखादा वर्ग, तर डिसेंबरमध्ये पालकांना बोलवून, समोर बसवून सांगा. जवळची दुसरी शाळा शोधून द्या, दाखला हातात द्या. घटनेच्या कलम ३०ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवायचा हक्क दिला, तो आम्ही अभिमानाने सांगतो. त्या हक्काने चालणाऱ्या शाळेत पालकाला खरं काय ते वेळेवर कळलं पाहिजे.

माजी विद्यार्थ्यांना एक सांगणं आहे. तुमच्यातले कितीतरी जण पुण्यात, हैदराबादेत चांगल्या हुद्द्यावर आहेत. शाळेचा वाढदिवस आला की व्हॉट्सअ‍ॅपवर जुने फोटो टाकता, फार बरं वाटतं. त्या गाडीच्या डिझेलचा महिन्याचा खर्च तुमच्या एका ग्रुपला सहज उचलता येईल. बंदची नोटीस लागायची वाट पाहू नका.

कुणी हे काम हाती घेणार असेल तर पटनोंदणीला घरोघरी फिरायला मी तयार आहे. गुडघे दुखतात, पण चालता येतं. कुंभारीत सकाळी लवकर जाऊन उपयोग नाही, तेव्हा बायका विड्या द्यायला कारखान्यात गेलेल्या असतात. दुपारी गेलं की घरी भेटतात, आणि दुपारीच नीट बोलतात.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
रेल्वे लाईन्स, सोलापूर