ओंकारची गोळी आणि शंखपुष्पी

फ्रायबुर्ग (जर्मनी), २६ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

ओंकारला दहावीच्या अभ्यासासाठी तू शंखपुष्पीचं औषध देतेस, त्यावरून रविवारी फोनवर आपल्या दोघींचाही आवाज चढला आणि सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून लिहायला बसले. वहिनीच्या फोनवर फोटो पाठवते, ती वाचून दाखवेल.

तू म्हणालीस, "शंखपुष्पी काय विष आहे का? परीक्षेच्या वेळी तुम्हा दोघांना मीच देत होते." देत होतीस, आणि आम्हाला काही झालं नाही. पण आम्हाला फिटची गोळी नव्हती गं. ओंकार रोज फेनिटॉइन घेतो.

या दोन औषधांचं वैर आपल्या मुंबईतच लक्षात आलं. के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉक्टरांना दोन रुग्ण असे दिसले, की फिट आटोक्यात होत्या आणि पुन्हा यायला लागल्या. दोघंही शंखपुष्पीचं औषध घेत होते. मग त्यांनी उंदरांवर तपासलं. काही दिवस दोन्ही औषधं सोबत दिली, तर रक्तातलं फेनिटॉइन उतरलं. हे १९९२ साली छापून आलंय. फेनिटॉइनचं माप फार नाजूक असतं, साधारण १ मिलिलिटर रक्तात १० ते २० मायक्रोग्रॅम. खाली गेलं की फिटची भीती, वर गेलं की झोक जातो, डोळे भिरभिरतात. त्या औषधात शंखपुष्पीबरोबर आणखीही वनस्पती होत्या. तुझ्या बाटलीत काय काय आहे ते मला बघायचंय, लेबलचा फोटो नक्की पाठव.

इकडे आत्ता रानात योहानिसक्राउट (इंग्रजीत सेंट जॉन्स वर्ट) ही औषधी वनस्पती फुललीय. पिवळी फुलं, कळी चुरगळली की बोटं लाल होतात. उदास वाटणाऱ्यांना इथले डॉक्टरसुद्धा ते लिहून देतात, आणि सौम्य आजारात त्याचा गुण येतो. पण त्यामुळे यकृत औषधं मोडणारी विकरं (एन्झाइम्स) जास्त बनवायला लागतं, आणि दुसरी गोळी काम करण्याआधीच शरीराबाहेर जाते. झुरिकमध्ये हृदय बदललेल्या दोन रुग्णांनी ते सुरू केलं. नवं हृदय शरीराने नाकारू नये म्हणून ते सायक्लोस्पोरिन घेत होते. त्याचं रक्तातलं प्रमाण घसरलं आणि शरीर ते हृदय नाकारू लागलं. ही २००० सालची नोंद आहे. काल औषधांच्या दुकानात एका आजींनी माझ्याकडे हीच वनस्पती मागितली. मी सवयीने विचारलं, आणखी काय घेता? मूत्रपिंड बदललेलं निघालं. मी दिली नाही. त्या चिडून गेल्या, आणि मला दिवसभर तूच आठवत होतीस.

आई, तुझ्या काढ्यांना मी नावं ठेवत नाही. उलट, त्यांत खरंच ताकद आहे म्हणून तर भीती वाटते. मिऱ्यातलं पिपेरिन काही औषधं शरीरात जास्त वेळ टिकवतं. आपल्याकडे क्षयाच्या एका गोळीत ते मुद्दाम घातलंय. ज्येष्ठमध रोज खाल्ला तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. खोकल्याला कधीतरी चघळतेस ते ठीक, पण तुझी लघवीची गोळी चालू असताना रोज नको. आणि इसबगोल थायरॉइडच्या गोळीबरोबर घेऊ नकोस. गोळी पहाटे, इसबगोल रात्री.

आता ओंकारचं. शंखपुष्पी आजपासून बंद. फेनिटॉइनची एकही गोळी चुकवायची नाही, आणि आपल्या मनाने वाढवायचीही नाही. डॉक्टरांना या आठवड्यातच दाखवा. शंखपुष्पी कधी सुरू केली, कधी थांबवली, दोन्ही तारखा सांगा आणि रक्तातलं प्रमाण तपासून घ्या. बाटली टाकू नकोस, त्यांना दाखवायला लागेल. मध्येच फिट आलीच तर थांबू नका, दादाला लगेच गाडी काढायला सांग.

दहावीची तुला काळजी आहे, कळतंय मला. त्याला रात्री जागू देऊ नका, जागरणानेही फिट येते. दहा वाजले की डोक्याला तेल लावून तुझ्याजवळ झोपव, आम्हाला झोपवायचीस तसं.

तुझी,
सुमन