प्रदर्शनाची तारीख छापली, पुढे काय झाले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या उद्योग पुरवणीत ओतकामावर (वितळलेला धातू साच्यात ओतून वस्तू बनवण्यावर) पान आले की अग्रलेखाच्याही आधी मी ते वाचतो. जवळजवळ चाळीस वर्षे फाउंड्रीत, म्हणजे ओतशाळेत गेली, पहिली काही मोल्डिंगवर (साचे बनवण्यावर) आणि पुढची सगळी साच्याची वाळू तपासणाऱ्या सँड लॅबमध्ये व क्वालिटीत. आता निवृत्त आहे, पण सवय जात नाही. गेल्या वेळच्या पानावर पुन्हा तेच होते. आगामी प्रदर्शनांची यादी, एका नव्या डाय कास्टिंग (पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबाने धातू भरण्याच्या) मशिनचे टनेज आणि फीत कापणाऱ्या चार पाहुण्यांचा फोटो. चौघांच्या डोक्यावर पांढरी हेल्मेट, एकावरही वाळूचा कण नाही.

पानातली माहिती चुकीची नव्हती. माझी तक्रार वेगळी आहे. ओतकामाची बातमी कार्यक्रम भरण्याआधी येते आणि कार्यक्रम भरला की संपते. तिथे काय दिसले, कोणाचा दावा टिकला, कोणाचा वर्षभरात गळाला, याची एक ओळही नंतर येत नाही.

या धंद्यातली गेल्या शंभर वर्षांतली बहुधा सर्वांत मोठी बातमी कार्यक्रमपत्रिकेत नव्हतीच. अमेरिकेतल्या फाउंड्रीवाल्यांची संस्था १८९६ पासूनची. १९४८ साली तिचे अधिवेशन फिलाडेल्फियात भरले होते. ब्रिटनचे संशोधक हेंटन मॉरो यांनी तिथे निबंध वाचला. बिडात (ओतीव लोखंडात) सेरियम हा धातू थोडा घातला की त्यातले ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात बसते, असा त्याचा गाभा. बाहेरच्या माणसाला यात विशेष काय ते कळणार नाही, म्हणून सांगतो. साध्या बिडात ग्रॅफाइटचे पापुद्रे असतात आणि प्रत्येक पापुद्रा म्हणजे आत तयारच असलेली चीर. म्हणून बीड हातोड्याने फुटते. पापुद्र्याची गोळी झाली की तेच बीड वाकते, ताण सोसते, पोलादाच्या जवळ जाते.

निबंधावर चर्चा सुरू झाली आणि इंटरनॅशनल निकेल या कंपनीच्या माणसाने उठून सांगितले, की हेच काम आम्ही मॅग्नेशियमने केले आहे. त्यांच्याकडे कीथ मिलिस यांना ते १९४३ मध्येच सापडले होते, आणि तेही भलतेच शोधताना. युद्धामुळे क्रोमियमची टंचाई होती, झीज सोसणाऱ्या बिडात क्रोमियमऐवजी काय घालता येईल हे मिलिस पाहत होते. सेरियमची पद्धत ठरावीक जातीच्या बिडापुरती होती. मॅग्नेशियमने वाट मोकळी केली. १९४९ मध्ये पेटंट मिळाले, आणि आज पाण्याच्या मोठ्या पाइपपासून क्रँकशाफ्ट आणि पवनचक्कीच्या हबपर्यंत जे एसजी आयर्न, म्हणजे गोळीदार ग्रॅफाइटचे बीड, आपण वापरतो ते त्याच वाटेने आले. त्या दिवशीचा वार्ताहर निबंधाचे शीर्षक टिपून चर्चेआधी निघून गेला असता, तर त्याच्या वहीत फक्त सेरियम राहिले असते.

आपण मात्र शीर्षक टिपूनच निघतो.

अलीकडचे उदाहरण गीगाकास्टिंगचे. २०२० च्या सुमारास टेस्लाने गाडीच्या मागच्या खालच्या सांगाड्यातले सुमारे सत्तर भाग काढून तिथे अ‍ॅल्युमिनियमची अवाढव्य ओतीव वस्तू बसवली, आधी दोन तुकड्यांत, मग एकाच तुकड्यात. त्यासाठी इटलीच्या इड्रा कंपनीने सहा हजार टनांच्या वर्गातले मशीन दिले. सगळीकडे मथळा एकच, सहा हजार टन. पुढे नऊ हजार टनांचेही आले, मथळा तोच, आकडा नवा. पण हे टन कशाचे, हे किती वाचकांना कळले असेल? मशीन सहा हजार टन माल ओतत नाही. डायचे दोन भाग एकमेकांवर दाबून धरायला लागणारा तो जोर आहे. वितळलेले अ‍ॅल्युमिनियम सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आत घुसते, आणि एवढ्या मोठ्या क्षेत्रफळावर ते दाबाने घुसले की डाय उघडू पाहते. ती उघडू नये म्हणून टन.

खरी मेख त्या क्षणानंतर आहे. मोठी, पातळ वस्तू थंड होताना वाकडी होते. हवा अडकते. डायच्या पोलादाला दर शॉटला चटका आणि पाण्याचा फवारा आळीपाळीने बसतो आणि त्याला जाळीसारख्या भेगा पडतात. वस्तू भट्टीत घालून उष्णता उपचार द्यावा तर ती आणखी वाकते, म्हणून उपचाराविना ताकद देणारी मिश्रधातू लागते. माझ्या मते मशिनच्या आकड्यापेक्षा या मिश्रधातूची कथा जास्त मोलाची होती, पण तिचा फोटो निघत नाही. आणि मे २०२४ मध्ये जेव्हा बातमी आली की गाडीचा सगळा तळ एकाच तुकड्यात ओतायच्या पुढच्या बेतातून टेस्लाने पाऊल मागे घेतले आहे आणि तीन भागांची पद्धत ठेवली आहे, तेव्हा आपल्या पानात ती माझ्या तरी पाहण्यात आली नाही. मागे का घेतले, पैशामुळे की धातूमुळे, याचा शोध हा चांगल्या वार्ताहराचा विषय होता.

प्रदर्शनाला भुलणारे वाचकच असतात असे नाही. आम्हीही भुललो. अनेक वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात इनऑर्गॅनिक बाइंडरच्या कोअरचे प्रात्यक्षिक पाहिले. कोअर म्हणजे वस्तू आतून पोकळ राहावी म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा भाग, आणि बाइंडर म्हणजे ती वाळू बांधून ठेवणारा पदार्थ. रेझिनच्या कोअरवर धातू पडला की जो धूर उठतो, डोळे चुरचुरतात, घसा धरतो, तो या कोअरला अजिबात नाही. सिलिकेटचा बाइंडर, जळायला सेंद्रिय काही नाहीच. आमचे मॅनेजर जागेवरच ठरवून मोकळे झाले. खरे सांगायचे तर मीही मान डोलावली.

चाचणी घेतली. पहिला आठवडा कोअर अशा निघाल्या की नखाने टिचकी मारली तर टणत्कार यावा. मग हवा बदलली, चार दिवस सारखी दमट. शनिवारी केलेल्या कोअर रॅकवर होत्या. सोमवारी सकाळी मी एकीच्या कडेवर अंगठा दाबला आणि कड पिठासारखी झडली. ते कळायच्या आधी पहिल्या पाळीने त्यातल्या काही साच्यात बसवून ओतल्याही होत्या. मशिनिंगला गेल्यावर पहिल्याच कटमध्ये ब्लो होल (वायूच्या पोकळ्या) उघडे पडले, वाटाण्याएवढे, आतून चकचकीत. दोन दिवस कोअर बनवणाऱ्या पोराला शिव्या बसल्या. तिसऱ्या दिवशी कोणीतरी आर्द्रतामापक आणून रॅकपाशी ठेवला.

बाइंडर देणाऱ्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, साठवणीची अट डेटाशीटमध्ये लिहिलेली आहे. होती. शेवटच्या पानावर. शेवटी आम्ही कोरडे बंद कपाट केले आणि पाळीला लागतील तेवढ्याच कोअर काढायचा नियम केला. पद्धत वाईट नाही. बीएमडब्ल्यूच्या लांड्सहूट येथील फाउंड्रीत ती नियमित उत्पादनात आहे. पण तिथे दमटपणा कसा सांभाळतात, हे कोणी विचारून छापले असते तर आमचा एक लॉट आणि त्या पोराचे दोन दिवस वाचले असते.

हल्ली वाळूतही एआय आल्याच्या बातम्या येतात. जुना माणूस म्हणून मी नाक मुरडीन असे वाटत असेल तर तसे नाही. आमचे उस्ताद ग्रीन सँड (साच्याची वाळू, हिरवी नव्हे, ओलसर) मुठीत दाबत, मूठ उघडून बोटांचे ठसे पाहत, मग तो गोळा मधोमध मोडून कडा निरखत. कडा धारदार तर वाळू ठीक. ओलाव्याचा अंदाज त्यांचा क्वचितच चुकायचा. पण वारंवार ओतून भाजून निघालेले, मेलेले बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती) मुठीला ओळखू येत नाही. मेलेली माती पाणी पिऊन बसते, बांधत काहीच नाही, आणि हाताला मात्र वाळू भरलेली लागते. त्यासाठी मेथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याची चाचणी लागते, उस्ताद तिला 'शाईचे पाणी' म्हणून हसत. ते चुकत होते. तेव्हा मोजमाप जेवढे वाढेल तेवढे बरेच. फक्त बातमीत 'एआयमुळे रिजेक्शन घटले' एवढेच नको. कोणते रिजेक्शन? वाळूचे, धातूचे की माणसाच्या घाईचे? एसजी आयर्नला मॅग्नेशियम देऊन लॅडल (वितळलेला धातू वाहून नेण्याचे भांडे) दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळले तर मॅग्नेशियम उडून जाते आणि गोळ्यांचे पुन्हा पापुद्रे होऊ लागतात. तिथे वाळूचा एआय काय करणार?

धुळीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर लिहायला लागलो तर पत्र संपणार नाही. स्फटिकी सिलिकाची (साच्याच्या वाळूची) बारीक धूळ कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ पासून सांगितले आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये नियम झाला, आठ तासांच्या सरासरीने घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि फाउंड्र्यांना तो २०१८ पासून लागू झाला. नॉकआउट (साचा फोडून वस्तू काढणे) आणि फेटलिंगवर (ती घासून साफ करणे) उभ्या राहणाऱ्या माणसासाठी कोणत्याही मशिनच्या टनेजपेक्षा ही मोठी बातमी होती. माझे दोन सोबती पन्नाशीत जिन्याचे एक वळण चढताना थांबायचे.

यादी छापूच नका असे मी म्हणत नाही. डसेलडॉर्फचे गिफा हे ओतकामाचे प्रदर्शन दर चार वर्षांनी भरते, मागचे २०२३ च्या जूनमध्ये झाले, पुढचे २०२७ च्या जूनमध्ये आहे. डाय कास्टिंगवाल्यांचे युरोगस न्यूरेंबर्गला दर दोन वर्षांनी असते. जागतिक फाउंड्री काँग्रेस २०१८ मध्ये पोलंडच्या क्राकूफला झाली, २०२० ची बुसानची महामारीमुळे २०२२ वर गेली, २०२४ ची चीनमध्ये देयांगला. ज्याला जायचे त्याला तारीख लागतेच. पण जगात वर्षाला दहा कोटी टनांच्या आसपास ओतीव माल निघतो आणि तो काढणारी बहुतेक माणसे या प्रदर्शनांना कधीच जात नाहीत. त्यांच्यासाठी तुमचे पान म्हणजेच प्रदर्शन.

म्हणून एक विनंती. २०२७ च्या गिफाला आपला कोणी प्रतिनिधी गेला, तर त्याने उद्घाटनाला उशीर झाला तरी चालेल, शेवटच्या दिवशी मात्र थांबावे. त्या दिवशी स्टॉलवरची माणसे दमलेली असतात आणि खरे बोलतात. टेबलावर पॉलिश केलेले कास्टिंग ठेवलेले असेल. त्याच वस्तूचा, जिथे जाड आणि पातळ भाग एकत्र येतात तिथे करवतीने कापलेला तुकडा मागावा. आकसल्याची पोकळी असेल तर नेमकी तिथेच असते. दाखवला तर त्याचा फोटो छापावा. नाही दाखवला, तर तसे छापावे.

आपला,
एक निवृत्त फाउंड्रीवाला