निसर्ग फक्त सुट्टीपुरताच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मनःस्वास्थ्यासाठी निसर्गात वेळ घालवावा, असा सल्ला आरोग्यविषयक लेखांतून वरचेवर दिला जातो. मात्र त्यांसोबत छायाचित्रे येतात ती धबधब्यांची आणि धुक्यातल्या डोंगरांची, त्यामुळे हा सल्ला म्हणजे वर्षाकाठी एखादी सहल, असाच वाचकाचा समज होतो. संशोधनाचा कल मात्र घराजवळच्या, थोडक्या पण नेमाने लाभणाऱ्या हिरवाईकडे आहे.

इंग्लंडमधील सुमारे २० हजार व्यक्तींच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली प्रकृती उत्तम आहे, आपण समाधानी आहोत, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. हे दोन तास एकाच दिवशी घालवले की थोडे थोडे करून, याने फरक पडला नाही. अर्थात, मुळात धडधाकट माणसेच जास्त बाहेर पडत असतील, ही शंका अशा पाहणीतून पुरती फिटत नाही.

म्हणूनच मिशिगन विद्यापीठातील मार्क बर्मन, जॉन जोनाइड्स आणि स्टीफन कॅप्लन यांचा २००८ मधील प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. त्यात सहभागी झालेल्यांना एकदा वृक्षोद्यानातून आणि एकदा शहराच्या वर्दळीतून सुमारे ५० मिनिटे चालायला लावले, आणि आकड्यांची मालिका ऐकवून ती उलट क्रमाने म्हणायला सांगितली. वृक्षोद्यानातून आल्यावर ही कामगिरी सुधारली, वर्दळीतून आल्यावर तशी सुधारली नाही. विशेष म्हणजे, कडाक्याच्या थंडीत चाललेल्यांना ते चालणे फारसे सुखाचे वाटले नव्हते, तरी लाभ झालाच; तेव्हा मन प्रसन्न झाले तरच निसर्गाचा उपयोग, असे मानण्याचे कारण नाही. कॅप्लन यांच्या उपपत्तीनुसार, रहदारी, फलक, गोंगाट यांतून हवे तेवढेच टिपण्यासाठी मनाला सतत जोर लावावा लागतो. पानांची सळसळ किंवा ढगांची चाल लक्ष वेधून घेते खरी, पण त्यासाठी असा जोर लावावा लागत नाही आणि तेवढ्या अवधीत थकलेली एकाग्रता सावरते.

ज्यांना चालणेच शक्य नाही, त्यांच्यासाठी रॉजर उलरिच यांचे १९८४ मधील निरीक्षण महत्त्वाचे आहे. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण, समोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा सरासरी सुमारे पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. रुग्णसंख्या लहान होती हे मान्य, पण रुग्णालयाचा आराखडा करताना खिडकीबाहेर काय दिसेल याचा विचार करायला खर्च तरी कितीसा येतो?

नैराश्यावर उपचार घेणाऱ्यांनी झाडांखालचा फेरफटका औषधांना पर्याय समजू नये, हेही अशा लेखांत स्पष्ट लिहिले जावे.

रिचर्ड मिचेल आणि फ्रँक पॉपहॅम यांनी २००८ मध्ये इंग्लंडमधील मृत्यूंच्या नोंदींवरून दाखवले की, गरीब आणि श्रीमंत यांच्या मृत्युदरातील तफावत हिरव्या परिसरांत कमी असते. दूरच्या सहलीचा खर्च ज्यांना झेपत नाही, त्यांच्या दाराशी झाडे असण्याचे मोल यावरून कळते. असे असूनही अंदाजपत्रकात उद्यानांवरील तरतूद सुशोभीकरणाच्या शीर्षाखाली टाकली जाते आणि काटकसरीची वेळ येताच पहिली कात्री तिलाच लागते. ही तरतूद सार्वजनिक आरोग्याच्या खर्चात धरावी, अशी माझी सूचना आहे.

आपला,
एक वाचक