गणपतीला येता येणार नाही, त्याचे कारण

दांडिया बाजार, वडोदरा
श्रावण

तीर्थरूप दादा व सौ. वहिनी यांस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मागच्या दोन्ही फोनांवर मी ‘कारखान्यात फार काम आहे’ असे सांगितले, ते खरे नव्हते. आज अकरा दिवस झाले, माझ्या पाठीचे ऑपरेशन झाले आहे. ते व्यवस्थित पार पडले, मी घरी आलो आहे आणि स्वतःच्या पायांनी चालतो आहे. हे आधी वाचावे आणि मगच रागवावे.

तुम्हांला कळवले नाही, कारण आत्याच्या यजमानांची गोष्ट आपल्या घरात अजून संपलेली नाही. पाठीवर सुरी लागली आणि माणूस पुन्हा उठला नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांना नेमके काय झाले होते आणि कसले ऑपरेशन केले होते, हे मात्र आजवर कोणालाच धड सांगता आलेले नाही. शिवाय मिरज म्हणजे दवाखान्यांचे गाव. ‘इकडे का आला नाहीस’ हे तुम्ही विचारणारच. पण त्या दिवसांत मला दहा मिनिटे बाकावर बसवत नव्हते, तर इतका लांब रेल्वेप्रवास कसा झेपला असता?

दुखणे वैशाखात सुरू झाले. इकडे उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरून ठेवण्याची रीत आहे आणि आम्हीही ती उचलली आहे. पोते कोठीकडे सरकवताना कमरेत चमक भरली. दोन दिवसांनी ती कमरेतून निघून डाव्या मांडीच्या मागून पोटरीवरून पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली, जणू कोणी तापलेली तार ओढत न्यावी. पहिल्या डॉक्टरांनी तीन आठवडे पडून राहायला सांगितले आणि मी इतक्या इमानेइतबारे पडून राहिलो की शेवटी दुखणे होते तेवढेच राहिले आणि पाय मात्र बारीक झाले. अशा दुखण्यात झेपेल तेवढे हिंडते-फिरते राहावे, हे मला नंतर कळले. शेजारच्या मासींचा आग्रह मालिशचा होता. ज्या गावात प्रा. माणिकरावांनी आखाडा चालवता चालवता हाडवैद्यकात एवढा लौकिक मिळवला, तिथे तसा आग्रह होणे साहजिक आहे. मी हळद-तेल लावून घेतले, पण पाठ तुडवून घेतली नाही.

एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी फाटून तिचा तुकडा नसेवर बसलेला दिसला. दुसऱ्या डॉक्टरांनी तरीही घाई केली नाही. असे बहुतेक रुग्ण सहा ते बारा आठवड्यांत आपोआप सुधारतात, असे ते म्हणाले. मग एके दिवशी कमाटी बागेजवळ मी बराच चालून आलो आणि डाव्या पायात चप्पल नाही हे मला एका पोराने हाक मारून सांगितले. ती कधी निसटली ते समजलेच नव्हते. डॉक्टरांनी पायाचा अंगठा वर उचलायला सांगितला. उजवा उठला, डावा जागचा हलेना. नस नुसती दुखत नाही, कमजोर होत चालली आहे, असे सांगून त्यांनी ऑपरेशनचा सल्ला दिला.

ऑपरेशनविषयी मला सांगण्यासारखे फारसे नाही, कारण मी पालथा आणि बेशुद्ध होतो. जेमतेम इंचभर छेद घेऊन, सूक्ष्मदर्शकातून बघत, नसेवरचा तेवढा तुकडा काढतात. बाकीची गादी तशीच ठेवतात. तो तुकडा त्यांनी बाटलीत घालून आमच्या हिला दाखवला. ओल्या खोबऱ्याच्या किसासारखा पांढुरका होता म्हणे, आणि तेवढ्यासाठी मी तीन महिने कण्हत होतो, यावर तिचा विश्वास बसेना. संध्याकाळी मला उभे केले, तेव्हा पायातली ती तार नाहीशी झाली होती. टाक्यांची जागा दुखत होती, पण ते दुखणे आपले आणि जागच्या जागी राहणारे होते.

खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. सहा आठवडे वाकायचे नाही, कंबर पिळायची नाही आणि दोन किलोंपेक्षा जास्त उचलायचे नाही. पलंगावरून उठायचे तर आधी ओंडक्यासारखे सबंध अंग कुशीवर वळवायचे, पाय खाली सोडायचे आणि त्याच वेळी कोपराने रेटा देत वर यायचे. पहिल्या रात्री याला मला एवढा वेळ लागला की कशासाठी उठलो होतो तेच विसरलो. शिंक येणार असे वाटले की मी भिंत धरतो. औषधांनी पोट जड होते आणि कुंथायला बंदी, म्हणून रोज रात्री इसबगोल. इसबगोलाचा मोठा बाजार, उंझ्याचा, याच मुलखात असल्याने त्याला तोटा नाही. मासींच्या ओसरीवरचा हिंचका, म्हणजे झोपाळा, मात्र बंद झाला, याचे मला टाक्यांपेक्षा जास्त वाईट वाटते.

चालणे पाच मिनिटांपासून सुरू केले, काल सुरसागर तलावाच्या कठड्यापर्यंत जाऊन आलो. अंगठा आता थोडा उचलतो. पावलाची वरची बाजू अजून बधिर आहे आणि ही बधिरता जायला काही महिने लागतील. गादी पुन्हा सरकण्याची शक्यता शंभरात पाच ते पंधरा जणांना असते, हेही तुमच्यापासून लपवत नाही. एकदा लपवून पाहिले, तेवढे पुरे झाले.

दादा, तुमचीही कंबर गेली दोन वर्षे धरते, म्हणून लिहितो. नुसती कंबर दुखली तर घाबरू नये. पण पायातली ताकद कमी झाली तर पडून न राहता दाखवावे, आणि लघवी अडली किंवा बैठकीचा भाग बधिर झाला तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये, सरळ मोठ्या रुग्णालयात जावे.

वहिनींनी मेथीचे लाडू करून पाठवू नयेत, अजून पचणार नाहीत. मेतकूट मात्र अवश्य पाठवावे. परवा टाके निघतील, त्या दिवशी फोन करीन. हे पत्र मी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभा राहून तीन दिवसांत लिहिले आहे, कारण सलग बसण्याची मुभा वीसच मिनिटांची आहे. मखराचे पुठ्ठे माळ्यावर डाव्या हाताला, जुन्या चादरीत बांधून ठेवले आहेत. कुंभाराकडून मूर्ती आणायला यंदा चिरंजिवांना धाडावे. तिचे वजन काही दोन किलोंत बसणारे नाही.

आपला धाकटा