कुठला बर्फ वितळला तेवढं तरी लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात ‘आर्क्टिकचा बर्फ वितळला, कोकण बुडणार’ अशी हेडिंग होती आणि हर्णै बंदरात दिवसभर तोच विषय, एरवी इथे बर्फ म्हणजे मासळीवर टाकायची लादी आणि तिचा रेट, बाकी काही नाही. पण सोबतचा सॅटेलाइट फोटो समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाचा होता. तरंगता बर्फ जेवढं पाणी बाजूला सारतो जवळपास तेवढंच वितळून देतो, होडीवाल्यांना हे सांगायला नको. पातळी वाढवतो तो जमिनीवरचा बर्फ, ग्रीनलँड, अंटार्क्टिका, डोंगरातल्या हिमनद्या.

दोन्ही मोजायची पद्धतही वेगळी आहे. तरंगता बर्फ सॅटेलाइटवरून मायक्रोवेव्ह लहरींनी बघतात, ढग असोत नाहीतर ध्रुवावरची रात्र, १९७९ पासूनची नोंद आहे, पण त्यात पसारा कळतो, वजन नाही. वजनासाठी नासा आणि जर्मनीने २००२ साली ग्रेस नावाचे जुळे उपग्रह सोडले, एकामागे एक, मध्ये साधारण २२० किमी. खाली वस्तुमान जास्त असलं की पुढचा आधी ओढला जातो मग मागचा, आणि अंतरात केसाच्या जाडीपेक्षा कमी फरक पडला तरी तो पकडतात, त्यावरून बर्फ किती घटला ते निघतं. २०१८ पासून नवी जोडी फिरतेय. ग्रीनलँडचा हिशोब आहे वर्षाला सरासरी २७० अब्ज टन, म्हणजे जगभरच्या समुद्राला पाऊण मिलिमीटर.

एवढंसंच वाटेल, पण ग्रीनलँडचा बर्फ स्वतःच्या वजनाने आसपासचं पाणी ओढून धरतो, तो घटला की तिथला समुद्र उतरतो आणि लांबचा सरासरीपेक्षा थोडा जास्त चढतो. आपण लांबचेच. बर्फ आणि तापून फुगलेलं पाणी मिळून १९९३ पासून जगातला समुद्र साधारण १० सेंमी चढलाय, खाडीकाठच्या खाजणाच्या बांधाला उधाणाच्या दिवशी १० सेंमी म्हणजे काय ते शेतकऱ्याला विचारा. बातमी ही होती.

नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून उडाला तेव्हा रॉकेटचा फोटो सगळ्यांनी छापला, आता तो रडारने दर १२ दिवसांनी त्याच जागेवर येऊन हिमनद्या किती सरकल्या ते बघणार, ते आकडे आले की तेही छापा. आणि त्या बातमीसोबतचा नकाशा परत छापू नका, त्यात अख्खा दापोली तालुका निळा केलाय, दापोली शहर दोनशे मीटरच्या वर आहे हो!

आपला,
एक नियमित वाचक, हर्णै (ता. दापोली)